वरच्या खोलीतून आवाज येत नाही

वृंदावन योजना, लखनौ
१२ एप्रिल

प्रिय पद्मामावशी,

फोन न करता मेल लिहितेय म्हणून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. पण फोनवर बोलले की पलीकडच्या खोलीतून अंतरा ऐकते, आणि हे पोरीच्या कानावर जायला नको. सत्यजितचं सध्या गोरखपूरकडे रेल्वेलाइनवर काम चालू आहे, तो बायको-पोरीकडे पंधरा दिवसांनी एकदा येतो. आणि तू बालकल्याण समितीवर इतकी वर्षं काढलीस, तेव्हा विचारायचं तर तुलाच.

आमचा सर्व्हे सुरू झालाय. तेरा ते सतरा वयाच्या मुलांना रोजच्या जगण्यात किती मारहाण, किती धमक्या सोसाव्या लागतात, बघाव्या लागतात, ते मोजायचं. घरात, शाळेत, रस्त्यावर, मोबाइलवर. मी एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारते. पहिले काही दिवस हसूसुद्धा यायचं. "मैडम, टीचर का थप्पड़ भी गिनें?" हो म्हटलं की, "फिर तो पन्ना कम पड़ जाएगा." एक मुलगा म्हणाला, "मारपीट? नहीं मैडम, हमारे यहाँ कुछ नहीं होता. पापा बस बेल्ट से मारते हैं." त्याचा तो 'बस' घरी आल्यावर भाजी चिरताना आठवला आणि सुरी तशीच हातात राहिली.

काल नववीतली एक मुलगी आली. गुंजन. घट्ट दोन वेण्या, गणवेशाला कडक इस्त्री. सगळ्या प्रश्नांना 'नहीं'. मी आभार मानले, ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मैडम, इसमें लिखा है, 'क्या आपने देखा है.' देखा न हो, सुना हो तो?"

मी तिला बसवलं. तिची थोरली बहीण कंचन, सतरा वर्षांची. कोचिंगमधल्या एका मुलाशी फोनवर बोलायची, ते घरात कळलं. होळीपासून तिला वरच्या खोलीत कोंडलंय. "चाचा ऊपर जाते थे. मम्मी कहती थीं, टीवी तेज़ कर दो. हम तेज़ कर देते थे." हे सगळं ती पाढे म्हणावेत तसं सांगत होती. मग म्हणाली, "अब ऊपर से आवाज़ नहीं आती, मैडम. थाली जाती है, भरी हुई लौट आती है. दो दिन से टीवी धीमा है."

मावशी, मी पेन खाली ठेवलं.

प्रकल्पाचे प्रमुख दिनकर सर, त्यांना लगेच सांगितलं. माणूस वाईट नाही. पण म्हणाले, "संपदा जी, हम नापने आए हैं. एक घर में पुलिस गई तो कल सारे स्कूल गेट बंद कर देंगे. बच्ची को ग़लतफ़हमी भी हो सकती है. सोमवार को देखते हैं." पालकांच्या संमतिपत्रात मीच एक ओळ घातली होती, की मुलाच्या जिवाला धोका दिसला तर गुप्तता पाळता येणार नाही. तेव्हा ती लिहायची म्हणून लिहिली होती.

जाताना गुंजनने विचारलं, "आप किसी को बताएँगी तो नहीं?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. काय करू? लवकर लिही.

संपदा

•

कऱ्हाड
१२ एप्रिल, संध्याकाळ

संपे,

सोमवार कसला बघतेस? थाळी भरलेली परत येते म्हणजे काय, हे तुला मी समजावून सांगायला हवं का? आत्ता मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन लाव. नाव, पत्ता, मुलीचं वय, धाकटी काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांग. मग तेच लिहून तिथल्या समितीकडे पाठव आणि पोच घे. तुझ्या सरांना नंतर कळव. त्यांना राग येईल, येऊ दे. माहीत असून गप्प बसणं हा कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांना सांग, म्हणजे राग लवकर उतरेल.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. त्या घराकडे स्वतः जायचं नाही. आणि धाकटीचं नाव कुणाच्या तोंडून तिथे निघता कामा नये. त्या घरात एकीला कोंडलंय, दुसरी अजून मोकळी आहे, एवढं लक्षात ठेव.

मी समितीवर असताना अशा घरांत गेले आहे. लोक पाट मांडून बसवतात, सरबत देतात. सरबताला भुलायचं नाही. मुलगी बरी आहे म्हणता ना, मग ती डोळ्यांसमोर उभी करा म्हणायचं.

अंतराला जप. तुझा चेहरा पाटीसारखा आहे, तिला वाचता येत असेल.

पद्मामावशी

•

लखनौ
२४ एप्रिल

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तसं केलं. हेल्पलाइनचे दोघं आणि एक महिला शिपाई त्या घरी जाऊन आले. तिथली हकीकत मला त्यांच्यातल्याच एकीने सांगितली. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, पेठा दिला, 'जी, जी' करत हात जोडले. कंचन? "ननिहाल गई है. नानी बीमार हैं." वरची खोली आपण होऊन दाखवली. एक खाट, रिकामी. आणि भिंतींना नुकताच चुना दिलेला. ती बाई म्हणाली, वास इतका ताजा होता की डोळे चुरचुरले. बाकी घराचा रंग जुनाट, ही एकच खोली पांढरीशुभ्र.

गुंजन चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला सगळ्यांदेखत विचारलं, दीदी कुठे आहे? तीही म्हणाली, "नानी के यहाँ." दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत नाही.

एक गोष्ट तुला सांगणार नव्हते. तू नको म्हणाली होतीस, तरी मी स्कूटरवरून त्या गल्लीतून गेले. थांबले नाही, नुसती गेले. कोपऱ्यावर तिचा चाचा उभा होता. ओळखायला वेळ लागला नाही, हेल्पलाइनवाल्या बाईने वर्णन केलं होतं: पांढराशुभ्र कुर्ता, अंगाने भरलेला, प्लॉट घेण्या-विकण्याचा धंदा. मला बघून हसला. "मैडम, रास्ता भूल गईं? किधर जाना है, छोड़वा दें?" आणि बोलता बोलता फोन काढून स्कूटरच्या नंबराचा फोटो घेतला, अगदी निवांत. या शहराचं अदबीने बोलणं मला किती आवडायचं, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी त्याच अदबीची भीती वाटली.

दिनकर सर माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आणि अंतराचं काही कळत नाही. बॅडमिंटन एकाएकी सोडलं. "मन नहीं है, मम्मी." शाळेतून मागच्या गेटने येते. बेल वाजली की दचकते, फोन उपडा ठेवते. मी अख्खा दिवस दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं करते, मला एवढं कळायला हवं: कुणीतरी मुलगा असणार. आत्ता तिला खोदून विचारायचं त्राण माझ्यात नाही.

तुझी
संपदा

•

कऱ्हाड
२५ एप्रिल

संपे,

गल्लीतून गेलीस त्याबद्दल बोलणार होते, पण तू आधीच घाबरलेली आहेस. पुन्हा जाऊ नकोस.

लग्नाकार्यात लोक घर रंगवतात. एकच खोली कुणी रंगवत नाही. हे असंच्या असं समितीला लिहून दे. म्हणावं, आजोळचा पत्ता घ्या, तिथे माणूस पाठवा, आणि मुलगी समोर हजर करण्याचा हुकूम काढा. तोंडी काही नको.

गुंजनच्या वर्गशिक्षिका कोण? बाई बरी असेल तर तिला हाताशी धर. परीक्षेचा, निकालाचा काहीतरी निरोप घेऊन शिक्षिका घरी गेली तर कुणी संशय घेत नाही. आम्ही हेच करायचो.

अंतराचं फार मनावर घेऊ नकोस. पंधरा वर्षांची आहे, कुणी आवडला असेल. तू त्या वयात कुणाच्या सायकलमागे बघत बसायचीस ते मला अजून आठवतं. तिला चार दिवस तिच्या मनासारखं राहू दे.

देवापाशी दिवा लावताना त्या कंचनचं नाव घेते. जेवते आहे का नाही, कोण जाणे.

पद्मामावशी

•

लखनऊ
३ मई

पद्माआजी,

मी अंतरा. मम्मीच्या मेलमधून तुझा पत्ता घेतला. मला मराठी समजते सगळी, पण लिहायला स्लो येते, हिंदी मिक्स होईल. सॉरी.

आजी, मला माहीत आहे मम्मी काय करते आहे. ती बाल्कनीत जाऊन फोन करते, तिला वाटतं मी सोते. मला गुंजनचं पण माहीत आहे, कंचनदीदीचं पण.

एक आदमी आहे. व्हाइट कुर्ता. पहिल्यांदा ई-रिक्षा स्टँडवर आला. म्हणाला, "तुम संपदा मैडम की बिटिया हो न? मम्मी को हमारा नमस्ते कहना." मला वाटलं कोणी अंकल असेल, मी पण नमस्ते केलं. दुसऱ्यांदा बॅडमिंटन हॉलच्या बाहेर. कोल्ड ड्रिंक घेऊन उभा. "मम्मी बहुत सवाल पूछती हैं, थक जाती होंगी. उनसे कहो, अब आराम करें. तुम भी तो अकेली आती-जाती हो." मी ड्रिंक नाही घेतली. तेव्हापासून मी खेळायला जात नाही.

आणि काल. मी ई-रिक्षात बसले, तो समोरच्या सीटवर येऊन बसला. काही बोलला नाही. पूरा रास्ता काहीच नाही, फक्त बघत होता, जसं कोणी आपल्या घरच्या मुलीला बघतं ना, तसं. आमच्या गेटजवळ उतरला, माझे पण पैसे भैयाला दिले, आणि चालला गेला. मी वर पळत आले. चावी लागत नव्हती लॉकला.

मी मम्मीला नाही सांगितलं. सांगितलं तर ती सगळं बंद करेल. माझ्यासाठी करेलच, मला माहीत आहे. फिर वो लड़की? तिला कोण शोधेल?

मम्मी रोज विचारते, "कैसा था दिन?" मी म्हणते, "ठीक." ती म्हणते, "अच्छा." मग ती कुकर लावते.

मला खूप भीती वाटते आजी. बाथरूममध्ये नळ चालू करून रडते. तू मोठी आहेस म्हणून तुला सांगितलं. प्लीज मम्मीला नको सांगू. प्रॉमिस?

अंतरा

•

कऱ्हाड
३ मे

संपदा आणि अंतरा,

हे पत्र तुम्हा दोघींना एकत्र पाठवते आहे. संपदा, खाली अंतराचं पत्र जोडलंय. ते आधी वाच. उभी असशील तर बसून वाच.

अंतरा बाळा, तू प्रॉमिस मागितलंस आणि मी ते देत नाही. माझ्यावर खुशाल राग धर, मला चालेल. पण त्या माणसाला नेमकं हेच हवं आहे, की तू घाबरावंस आणि कुणाला सांगू नयेस. मी गप्प बसले तर त्याचंच काम सोपं होईल. तू दुसऱ्या मुलीचा विचार करून एकटीने एवढं सोसलंस. आता पुरे. आता मोठ्यांनी सोसायचं.

संपे, मुलगा असेल असं तूही म्हणालीस आणि मीही री ओढली. दोन शहाण्या बायका, आणि पोर नळ सोडून रडत होती. ते नंतर बघू. आत्ता सत्यजितला बोलावून घे. लेखी तक्रार दे, अंतराला सोबत नेऊन, तिच्याच शब्दांत. समितीलाही प्रत दे. त्या माणसाने धमकी दिली म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे, एवढं कुणालाही कळेल. अंतराने एकटीने पायरीसुद्धा उतरायची नाही.

मी माझं तिकीट बघते आहे. गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत.

पद्मामावशी

•

लखनौ
६ मे

मावशी,

तिकीट काढू नकोस. इकडे उन्हाने रस्ते वितळताहेत, आणि तुझी आणखी एक काळजी मला झेपणार नाही.

तुझं पत्र वाचून मी अंतराच्या खोलीत गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, फोन हातात, तुझंच पत्र उघडं. ती म्हणाली, "अब आप काम छोड़ देंगी न?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मग तिच्याजवळ जाऊन बसले. तिने हळूच पाय माझ्या मांडीवर टाकले, लहानपणी टाकायची तसे.

सत्यजित आला. त्याचा पहिला शब्द, "सोड हे सगळं. बदलीचा अर्ज देतो." दुसऱ्या दिवशी तोच आमच्याबरोबर तक्रार द्यायला आला. अंतराने सगळं सांगितलं. पांढऱ्या कुर्त्याचं सांगताना मात्र तिला उलटी झाली.

सर्व्हे सध्या थांबलाय. दिनकर सरांनी स्वतः फोन केला, म्हणाले, "बिटिया का सुनकर रात भर नींद नहीं आई. जो लिखकर देना है, मैं भी साइन करूँगा." त्यांनाही मुलगी आहे.

आणि ऐक. गुंजनच्या वर्गशिक्षिका रेहाना मिस, तू म्हणालीस तसंच केलं. निकालपत्रावर सही हवी म्हणून त्या घरी गेल्या. चाचा समोरच बसून होता. गुंजन पाणी द्यायला आली, वाकली आणि ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, "मलिहाबाद. फूफा का बाग." एवढंच. तिच्या गालावर वळ होता.

मी समितीला कळवलंय, की मलिहाबादला तिच्या आत्याच्या नवऱ्याची बाग आहे, तिथे शोधा. आता त्यांच्या हातात. खाली मोटरसायकल थांबली की आम्ही तिघंही बोलायचे थांबतो.

संपदा

•

कऱ्हाड
१५ मे

संपे,

सहा तारखेनंतर तुझा शब्द नाही. फोन लावला, बंद. सत्यजितचा फोन लागतो, पण उचलत नाही. पेपरात लखनौचं नाव दिसलं की आधी डोळे मिटते आणि मग वाचते.

एक ओळ लिही. नुसतं 'आहोत' एवढं लिहिलंस तरी पुरे.

पद्मामावशी

•

लखनौ
१८ मे

प्रिय मावशी,

आहोत. सगळे आहोत. फोन बंद ठेवायला सांगितलं होतं, अनोळखी नंबरांवरून सारखे फोन येत होते आणि कुणी बोलायचं नाही. आम्ही सत्यजितच्या साहेबांकडे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तुला कळवायला हवं होतं. घाबरलेला माणूस आधी आपल्याच माणसांना विसरतो की काय, कोण जाणे.

कंचन सापडली. जिवंत आहे.

हुकूम निघाला आणि समितीच्या एक बाई, दोन महिला पोलीस, ठाण्याचे चौघं असे सकाळीच निघाले. कंचनला धीर द्यायला निदान गुंजनला ओळखणारं कुणी हवं, आणि घरच्या कुणाला नेता येत नव्हतं, म्हणून मला घेतलं. मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. मला जीपमध्येच बसायचं होतं.

मलिहाबादचा रस्ता तुला आठवेल, तू आली होतीस तेव्हा आपण आंब्यांसाठी गेलो होतो. आता बागा कैऱ्यांनी लगडल्यात. माकडं हाकलायला राखणदार पत्र्याचे डबे बडवतात, मधूनच फटाका लावतात. प्रत्येक आवाजाला मी सीटवर आकसत होते. बागेच्या आत, झाडांच्या गर्दीत, विटांची एक खोली दिसत होती. तिच्या फूफाने आधी हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. त्यानंतर माणसं झाडांआड गेली आणि मला काही दिसेना. फक्त डबे वाजत होते. मनात एकच विचार: ही खोलीही आतून पांढरी केलेली असेल.

मग एक महिला पोलीस पळत आली. "मैडम, लड़की है. पर बाहर नहीं आ रही. कहती है, तुम लोग चाचा के आदमी हो."

मी गेले. आत अंधार होता, कांद्याच्या पोत्यांचा वास. ती कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे. डावं मनगट वाकडं सुजलेलं, ओढणीने बांधलेलं. ओठ फुटलेले. मी दारातच खाली बसले. काय बोलायचं ते सगळं प्रशिक्षण विसरले. म्हटलं, "मुझे गुंजन ने भेजा है."

तिने पोत्यांआडून मान वर केली. मग आवाज आला, घोगरा, कितीतरी दिवस न वापरलेला.

"गुंजन को तो नहीं मारा?"

पहिला प्रश्न हा. मावशी, मला तिच्याशी खोटं बोलवेना. गालावरचा वळ रेहाना मिसनी पाहिला होता. मी म्हटलं, "एक थप्पड़. अब नहीं मारेंगे. पुलिस उसके पास भी पहुँच गई है." खरंच, त्याच वेळी दुसरी तुकडी शहरातल्या घरी गेली होती. मग ती उठली. चालताना माझ्या खांद्यावर तिचा भार पडला, आणि भार म्हणावा असा तो नव्हताच.

वरच्या खोलीत मनगट मोडलं ते चाचाने. किंचाळली म्हणून तोंडात कापड कोंबलं, आवाज यायचा थांबला तो तेव्हा. घरी चौकशीला लोक यायच्या आदल्या दिवशी तिला त्या बागेत नेलं. भिंतीवर रक्त उडालं होतं, म्हणून चुना.

परवा समितीपुढे सगळे होते. वडील रडले. "भाई ने इज़्ज़त के लिए किया, हम क्या करते?" कंचनला विचारलं, घरी जायचंय का? ती मान खाली घालून मनगट चाचपत राहिली. तेवढ्यात तिची आई उठली. इतका वेळ पदर तोंडापर्यंत ओढून बसली होती. म्हणाली, "हम दोनों बेटियों को लेकर अपने भाई के यहाँ जाएँगे. उस घर में नहीं जाएँगे." वडील म्हणाले, "बैठ जाओ." ती बसली नाही. एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, पण बसली नाही. पुन्हा तेच वाक्य म्हणाली, जरा मोठ्याने.

आईच्या भावाची चौकशी होईपर्यंत मुली बालिकागृहात राहतील. चाचा अटकेत आहे.

अंतराला हे सगळं सांगितलं. तिने मला मिठी मारली नाही, काही नाही. म्हणाली, "उसका हाथ ठीक हो जाएगा?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात होईल. मग तिने जेवायला मागितलं.

तुझी
संपदा

•

कऱ्हाड
१९ मे

संपे,

पत्र वाचून डोळे पुसले आणि आधी शिरा केला. एकटीनेच खाल्ला.

आता पुढचं. तो जामिनावर सुटेल. अशी माणसं सुटतात. त्याची तयारी आजपासून ठेव: घर बदलता आलं तर बदला, अंतराच्या शाळेला लेखी कळव. आणि त्या मुलींच्या मामाची चौकशी कागदावर नको, कुणीतरी जाऊन त्याच्या घरात बसून यावं. मामी कशी आहे ते बघा.

त्या आईचं नाव काय, तू लिहिलं नाहीस. कळव. एवढं बोलायला तिला काय पडलं असेल, ते तिलाच माहीत.

पद्मामावशी

•

गोमती नगर, लखनौ
८ जुलै

प्रिय मावशी,

पत्ता बदललाय, बघितलंस ना. इथे चौथा मजला, खाली पहारेकरी, येणाऱ्याचं नाव लिहून घेतात. सत्यजितने बदलीचा अर्ज लिहिला आणि अजून दिला नाही.

तू विचारलं होतंस, त्या आईचं नाव विमला. मुली तिच्याबरोबर बाराबंकीला मामाकडे आहेत. मामी जरा तिखट आहे, पण समितीच्या बाई म्हणाल्या, घरात सगळ्यात आधी या मुलींना वाढते. कंचनचं मनगट थोडं वाकडं राहणार. गुंजनने तिथल्या शाळेत नाव घातलंय.

तू म्हणालीस तसंच झालं. तो सुटला. आमच्या आणि त्या मुलींच्या जवळपास यायचं नाही अशी अट आहे. अट कागदावर असते.

काल संध्याकाळी मी बाजारात होते. दसेरी संपली, आता चौसा आलाय. गाडीवर आंबे हुंगत होते, आणि शेजारी कुणीतरी म्हणालं, "भैया, पके वाले देना, बच्ची के लिए." आवाज ओळखीचा होता. तोच. पांढरा कुर्ता. त्याच्या बोटाला धरून सहा-सात वर्षांची मुलगी, डोक्याला गुलाबी क्लिप. त्याची स्वतःची. तो मला शोधत आला होता, की खरंच आंबे घ्यायला, हे मला कधीच कळणार नाही.

त्याने मला पाहिलं. हसला. "नमस्ते मैडम. बिटिया कैसी है आपकी?"

पळावंसं वाटलं. पाय जागचे हलले नाहीत, म्हणूनच उभी राहिले असेन. त्याच्या मुलीकडे लक्ष गेलं. ती आंबा गालाला लावून बघत होती. मग माझ्याच तोंडून शब्द आले, त्याच्यासारखेच अदबीने.

"अच्छी है. आपकी भतीजियाँ भी बहुत अच्छी हैं. दोनों."

तो हसायचा थांबला. आंबेवाला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग चाचाने मुलीच्या हातातला आंबा काढून गाडीवर ठेवला आणि तिला घेऊन चालू लागला. ती मागे वळून वळून आंब्यांकडे बघत होती. तिच्या घरात आता काय होत असेल, कोण विचारणार तिला? ती सहा-सात वर्षांची आहे, आमच्या सर्व्हेत बसत नाही.

तो गेल्यावर मी गाडीचा दांडा धरून उभी राहिले. आंबेवाल्याने स्टूल दिलं, पाणी दिलं. "बहिन जी, गर्मी है, बैठ जाइए." मी जिंकले वगैरे काही नाही, मावशी. स्कूटर लावताना पुन्हा मागे बघितलं. आज सकाळीही बघितलं. उद्याही बघीन. समितीला आणि ठाण्याला काल रात्रीच लिहून कळवलंय.

सर्व्हे सोमवारपासून पुन्हा सुरू. दिनकर सरांनी विचारलं, "आप आएँगी?" मी येते म्हटलं.

आणि हे तुला आज लिहितेय, काल नाही, याचं कारण सांगते. काल घरी आले तेव्हा अंतरा दारातच होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "क्या हुआ?" मी 'काही नाही' म्हणणार होते. म्हटलं नाही. चपला न काढता तिथेच पायरीवर बसले, तिला शेजारी बसवलं आणि तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, पाय कसे थिजले होते, सगळं सांगितलं. तिने माझा हात धरून ठेवला.

मग म्हणाली, "मम्मी, मला पण भीती वाटते."

मराठीत म्हणाली.

तुझी
संपदा